आष्टीतला माझा पगार

मी पुण्यात पंधरा हजारांवर नोकरी करत होते आणि आमच्या आष्टीत मला पन्नास हजार पगार होता. हे मला स्वतःला कळायला जवळपास वर्ष लागलं.

आष्टी हे परतूर तालुक्यातलं मोठं गाव. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार तिथंच भरतो, त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय ते बाजाराच्या दिवशी सगळीकडं पोचतं. माझे वडील जवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आजोबांचं शिक्षण सही करण्यापुरतं, वडील डी.एड. झाले आणि मी इंजिनिअर. नोकरी पक्की झाल्यावर काही वर्षांनी वडिलांनी बौद्धवाड्यातून बाहेर पडून परतूर रस्त्याला एक प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. मी तेव्हा सातवीत होते. शाळेतून आले की नव्या भिंतींवर पाणी मारायचं काम माझ्याकडं. काल गुडघ्याएवढी असलेली भिंत आज खांद्याला लागायची, ते बघायला मला फार आवडायचं. पुढं बारावीला बरे मार्क पडले तेव्हा मी कुणाला न विचारता सिव्हिल म्हणाले. वडिलांच्या मनात फार्मसी होती, पण ते आडवे आले नाहीत.

औरंगाबादला, म्हणजे आता संभाजीनगरला, माझी चार वर्षं झाली. आमच्या बरोबरीच्या कॉम्प्युटरच्या पोरींना शेवटच्या वर्षातच कंपन्या उचलून घेऊन गेल्या. सिव्हिलच्या वर्गाला कुणी बघायला आलं नाही. मंग आम्ही सगळे पुण्याला गेलो. मराठवाड्यातला, विदर्भातला, खानदेशातला प्रत्येक सिव्हिलवाला पुण्यालाच जातो आणि तिथं पगार का वाढत नाहीत हे मला पहिल्याच मुलाखतीत समजलं. साहेबांनी अपेक्षा विचारली. मी वीस म्हणाले. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. दाराच्या काचेतून बाहेर बाकावर बसलेली मुलं त्यांनी मला दाखवली आणि म्हणाले, ह्यातले निम्मे बारावर तयार आहेत, तुमचे मार्क चांगले आहेत म्हणून तुम्हाला पंधरा देतो. मी हो म्हणाले. सहा महिन्यांनी बघू, असंही ते म्हणाले होते.

वाघोलीच्या पुढं एका मोठ्या वसाहतीचं काम चालू होतं, तिथं मी साईटवर रुजू झाले. खोली तिघींत मिळून घेतलेली, डबा लावलेला. भाडं, डबा, बस आणि मोबाईल एवढं झालं की पगार संपायचा. स्लॅब असला की दिवसभर ऊन डोक्यावर घेऊन उभं राहायचं. काम संपल्यावर मजुरांची हजेरी माझ्या सहीनं पुढं जायची. त्यात चांगल्या गवंड्याचा महिना माझ्यापेक्षा मोठा असायचा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्याचे गुडघे गेलेले होते आणि त्याच्या घरी खाणारी सहा तोंडं होती. पण खोलीवर आल्यावर मनात यायचं, मंग मी चार वर्षं काय केलं?

आमच्या साईटचे मोठे साहेब पन्नाशीचे होते. ते म्हणायचे, पहिली तीन वर्षं पगार मोजू नकोस, शिकलेली कामं मोज. हे वाक्य पुण्यातल्या सगळ्याच साईटवर ऐकवतात आणि ऐकवणाऱ्याचं स्वतःचं बहुतेक चांगलं चाललेलं असतं. आमच्या साहेबांचं तसं नव्हतं. ते अजून भाड्याच्या घरात राहत होते आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी अर्धी माझ्या झाकणात काढून द्यायचे. त्यामुळं त्यांचं ऐकून घ्यावंसं वाटायचं.

घरी मी पगाराचा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला होता. वडील फोनवर म्हणाले, सुरुवात हाये, होईल. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. पैसे पाठव असंही म्हणाले नाहीत.

नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा बुद्धपौर्णिमेला मी दोन दिवसांची सुट्टी काढून घरी गेले. सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली. आम्ही घरी येऊन बसलो होतो तेवढ्यात शेजारचे काका आले. गावातलं जुनं शेतकरी घराणं त्यांचं. गल्लीतल्या घरात जागा पुरेना म्हणून ते आमच्यानंतर दोन वर्षांनी रस्त्याला राहायला आले. त्यांची मोसंबीची बाग, वडिलांची शाळा. दोघांचं कामात काहीच सारखं नव्हतं, तरी संध्याकाळी दोघं रोज बरोबर बाजारापर्यंत चालत जायचे. काका आमच्याकडं चहा घ्यायचे, जेवायचे. त्यांच्या भावकीतले काही अजून आमच्या अंगणाच्या आत येत नव्हते. काकांनी त्यावर कधी भाषण केलं नाही, पण स्वतः येत राहिले.

त्या दिवशी त्यांनी बांधावरच्या गावरान आंब्यांची पाटी आणली होती. पाटी आईकडं दिली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांची धाकटी मुलगी बारावी झाली होती, सीईटीचा पेपरही दिला होता. थोरलीचं बारावीनंतर घनसावंगीकडं लग्न करून दिलेलं. धाकटीसाठी काकूंनी अंबडला नर्सिंगचं पक्कं केलं होतं. काका म्हणाले, आम्ही आता बेत बदलला, तिला सिव्हिलला घालायचं म्हणून राह्यलो, कोणतं कॉलेज बरं ते तूच सांग. मी कॉलेजांची नावं सांगायला लागले. मधेच ते आपल्याच आनंदात म्हणाले,

"तुझ्यासारखं पन्नास न्हाई, चाळीस भेटले तरी आमचं भागतंय माय. महिन्याला चाळीस हजार काय कमी हाये का?"

मला आधी वाटलं त्यांचा काही गोंधळ झालाय. मी वडिलांकडं बघितलं. ते पाटीतला एक एक आंबा काढून देठ बघत होते. मंग उठले आणि पाण्याची मोटर चालू करायची म्हणून मागच्या दारी गेले. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी काही बोलले नाही. काकांना दोन कॉलेजं सांगितली, चहा दिला. ते गेले.

झालं काय होतं ते मला आईनं सांगितलं. मी नोकरीला लागले त्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी वडील आणि काका चहाला हॉटेलात बसले होते. तिथं गावातला एक जण, पैशावाला आणि तोंडाचा मोकळा, सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाला, गुरुजी, तुमच्या पोरीला सीट तर सवलतीत भेटली, पर नोकरी काय सवलतीत भेटत न्हाई, काय करून राह्यली ती आता? वडील आयुष्यात कुणाला उलटून बोललेले नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, पुण्यात हाये, पन्नास हजार पगार हाये. तो माणूस गप्प झाला. नंतर ज्यानं त्यानं विचारलं त्याला तोच आकडा सांगावा लागला.

दुपारी वडील शाळेच्या कामाचं निमित्त करून बाहेर निघाले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. रस्त्यात मी विषय काढला नाही, त्यांनीच काढला. म्हणाले, मला वाटलं दोन-चार वर्षांत तुझा पगार तिथपर्यंत जाईल आणि माझं बोलणं खरं होईल. शेजारच्या पोरीचं डोक्यात न्हाई आलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या हॉटेलात त्यांच्या जागी मी असते तर काय म्हणाले असते, तेच मी मनात बघत होते. तरीही एक मुलगी माझ्या खोट्या पगारावर स्वतःची चार वर्षं लावणार, हे मला सहन होत नव्हतं. मी वडिलांना तसं म्हणाले. त्यांनी मान हलवली. काय करायचं ते दोघांनाही सुचलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले.

पंधरा दिवसांनी ती मुलगीच पुण्याला आली. हडपसरला तिचे मामा राहतात, त्यांच्याकडं सुट्टीला. तिनं मला फोन केला की ताई, मला तुमची साईट बघायची. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले आण, फक्त वर स्लॅबवर नेऊ नको. मामानं तिला गेटवर सोडलं. मी तिला हेल्मेट दिलं आणि सगळीकडं फिरवलं. सळई वाकवायचं काम चालू होतं, खाली पार्किंगच्या खांबांना पाणी मारणं चाललं होतं. ती फार बोलत नव्हती. पण एका खांबापाशी उभी राहिली आणि ह्याच्यावर वरचे किती मजले बसतात, मंग हा एवढाच जाड कसा, असं तिनं विचारलं. मला ते आवडलं. वर्षभरात मला भेटायला जे जे आले त्यांनी फ्लॅटचा भाव विचारला होता.

गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी ठरवून टाकलं. मी तिला म्हणाले, तुला एक खरं सांगायचं आहे, माझा पगार पन्नास नाही, पंधरा आहे. ती दचकेल असं मला वाटलं होतं. तिनं ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली,

"मला माहीत हाये ताई. मोबाईलवर सगळं लिहिलेलं असतं, पुण्यात नव्या पोरांना किती भेटतात, औरंगाबादला किती. पन्नास तर कुठंच न्हाई."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"पन्नास ऐकूनच तर पप्पा हो म्हणले. तुम्ही सांगू नका त्यांना."

मी विचारलं, पगार माहीत असूनही तुला हेच का करायचंय? तिनं जे सांगितलं ते साधं होतं. लहानपणी पावसाळ्यात ते सगळे शेतातच मुक्कामाला असायचे आणि शेतातून शाळेकडं येताना वाटेत ओढा होता. पाणी आलं की चार चार दिवस शाळा बुडायची, थोरल्या बहिणीची तर एकदा परीक्षाच बुडाली. मंग एका उन्हाळ्यात तिथं पूल झाला. एक तरुण इंजिनिअर मोटारसायकलवर यायचा, चुन्यानं जमिनीवर रेघा मारायचा, आणि ही बांधावर बसून बघायची. त्या वर्षीपासून तिची एकही शाळा बुडाली नाही. नर्सिंग वाईट नाही, ती म्हणाली, पण मला हे करायचंय.

मामा तिला न्यायला आला. मी कामावर परत गेले, पण लक्ष लागेना. आधी एका माणसाचं खोटं सांभाळायचं होतं, आता दोघांचं झालं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. वडील म्हणाले, मी शिक्षक माणूस, पोरीनं बापापासून लपवायचं आणि ते माझ्यामुळं, हे बराबर न्हाई. मी म्हणाले, पण तुम्ही सांगितलं तर तिचं शिक्षण जाईल. त्यावर त्यांनी विचार करतो म्हणून फोन ठेवला.

त्यांनी काय केलं, तर ती गावी परतल्यावर आधी तिलाच घरी बोलावलं. आईसमोर बसवून तिला म्हणाले की बाळ, मला तुझ्या वडिलांना खरं सांगावं लागेल, पण तुझी परवानगी घेतल्याशिवाय सांगणार नाही. ते नाही म्हणले तर तुझ्या बाजूनं मी त्यांच्याशी बोलेन, एकदा नाही, दहादा बोलेन. ती रडली, असं आई म्हणाली. आणि मंग सांगा म्हणाली. वडिलांनी मला फोन करून विचारलं, येतेस का? तुझ्या तोंडून आकडा ऐकला तर त्याला पटेल. मी साहेबांकडं सुट्टी मागितली. कारण विचारल्यावर खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, जा, ह्या दिवसाचे पैसे मी कापत नाही.

रात्रीच्या गाडीनं मी गावी आले आणि सकाळी वडील आणि मी काकांच्या बागेत गेलो. ते मोसंबीच्या ओळींत ठिबकच्या नळ्या तपासत होते. जिथून पाणी टपकत नव्हतं ते तोंड काढून फुंकायचे आणि परत बसवायचे. आम्हाला बघून त्यांना आनंदच झाला. गुरुजी आणि इंजिनिअर बाई शेतात, म्हणाले, आज काय विशेष? वडिलांनी इकडचं तिकडचं काही केलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं की पोरीचा पगार पंधरा हजार आहे, पन्नास मी सांगितले ते खोटं होतं आणि तुम्ही त्याच्या भरवशावर लेकीचं ठरवताय म्हणून आलो.

काकांनी हातातली नळी तशीच धरून ठेवली. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि म्हणाले, पंधरा, काका. ते बांधावर बसले. आम्हीही बसलो. मंग ते वडिलांना म्हणाले,

"गुरुजी, त्या दिवशी हाटेलात दहा माणसं बसली होती. त्यांना तुम्ही पन्नास सांगितले, बराबर केलं. तो बोललाच तसा. पर घरी येताना आपण दोघंच होतो की. तवा मला खरं सांगायला काय झाल्तं?"

वडील जमिनीकडं बघत होते. शेवटी म्हणाले,

"लाज वाटली."

"माझी?"

"न्हाई. पंधराची."

काकांना दुखलं होतं ते दिसत होतं, आणि ते पैशाचं नव्हतं. थोड्या वेळानं ते माझ्याकडं वळले आणि एक एक विचारत गेले. पंधरा का होईना, महिन्याच्या महिन्याला येतात का? मी म्हणाले, येतात, दहा तारखेच्या आत. राहायला किती जातात? खायला किती? साईटवर माणसं कशी आहेत, पोरीच्या जातीला काही त्रास? मी जे होतं ते सांगितलं. त्रास असतो, एकदा झाला होता, साहेबांनी त्या ठेकेदाराला गेटबाहेर काढला होता. पगार कधी वाढतो, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तीन-चार वर्षं हळूच वाढतो, ज्याला बिलाचं आणि हिशोबाचं काम येतं त्याचा जरा लवकर, सरकारी नोकरी लागली तर वेगळं, पण ती लागेलच असं धरून चालू नका. मला वाटलं मी तिचं सगळं शिक्षण माझ्या हातानं बुडवते आहे. पण एकदा खरं बोलायला आल्यावर त्यात निवड करता येत नव्हती.

शेवटी त्यांनी विचारलं, तुझी बहीण असती तर तिला हेच करायला लावलं असतं का? ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. मी म्हणाले, लावलं नसतं काका, पण तिनं स्वतः म्हणलं असतं तर अडवलं पण नसतं. आणि मंग त्या ओढ्याच्या पुलाचं सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. पोरगी बांधावर बसायची ते त्यांनी बघितलं होतं, पण शेळ्या राखते आहे असं त्यांना वाटायचं.

काका उठले, मोटर बंद करायची वेळ झाली म्हणाले आणि गेले. हो नाही की नाही नाही. आम्ही घरी आलो. दुपारच्या गाडीनं मी निघाले. त्या संध्याकाळी वडील बाजाराकडं एकटेच चालत गेले, असं आईनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशीही एकटेच. आठवडा गेला. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचे दिवस संपत आले होते. मुलीचा फोन येत नव्हता आणि मी केला तर ती उचलत नव्हती. वडील शाळेतून आले की त्या घराकडं तोंड करून ओट्यावर बसायचे. वचन दिल्याप्रमाणं ते दोनदा बोलायला गेले होते. दोन्ही वेळा काका शेतात आहेत असं काकूंनी सांगितलं.

मंग एका संध्याकाळी काका आपणहून फाटकात येऊन उभे राहिले. चला, म्हणाले, चालायला. वडील चप्पल घालून निघाले. वाटेत काकांनी सांगितलं की आजच जालन्याला जाऊन आलो, पोरीचं सिव्हिलचं भरलं. जालन्यातच घालतो, पुण्या-औरंगाबादचा खर्चा झेपायचा न्हाई, आणि पुढं पगार पंधराच असंल तर शिकायला एवढा पैसा लावून कसं चालंल? बागेला पण पाच वर्षं नुसता खर्चाच केला होता, असंही ते म्हणाले. काकूंचं मन वळवायला त्यांना एवढे दिवस लागले होते. स्वतःचं किती दिवसांत वळलं ते त्यांनी सांगितलं नाही.

वडिलांनी त्यांना विचारलं, मी गावातही खरा आकडा सांगून टाकू का? काका म्हणाले, राहू द्या. तुमच्या आमच्यात खरं झालं, बस. ज्याला टोचून बोलायचं त्याला पन्नासच ऐकू द्या. मला हे वडिलांनीच फोनवर सांगितलं. काकांनी ती गोष्ट आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. आज मी इथं लिहिते आहे, तेही त्यांना विचारून.

पुण्यात मी आणखी दोन वर्षं काढली. पगार वाढला तो वर्षाला दोन-तीन हजारांनी. साहेबांच्या पाठीमागं लागून मी बिलाचं काम शिकले, म्हणजे किती काम झालं, त्याचे पैसे किती होतात, ठेकेदाराला किती द्यायचे, हे सगळं मोजायचं. त्याच्या जोरावर संभाजीनगरला नोकरी मिळाली. तिथून जालन्यात मस्तगडला एका बांधकाम व्यावसायिकाच्या ऑफिसात आले. जालन्यात सळईचे एवढे कारखाने असून चांगला सिव्हिलवाला मिळत नाही, अशी माझ्या ह्या मालकांची कायमची तक्रार असते. मिळतो, पण तुम्ही देता त्यात राहत नाही, असं मी त्यांना एकदा म्हणाले. त्यांनी मनावर घेतलं नाही, पण पुढच्या महिन्यात माझे चार हजार वाढवले. आता मला अडतीस मिळतात. जालन्यात भाडं कमी असल्यामुळं त्यातले बरेच उरतात. पुण्यात आमच्या वर्गातल्या एकाला पासष्ट आहेत, तो घराच्या हप्त्यातून वर येत नाही. कुणाचं बरं चाललंय हे मला अजून नीट सांगता येत नाही.

ती मुलगी जालन्यात चार वर्षं शिकली. शेवटच्या वर्षाला मीही जालन्यात होते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्याकडं यायची, आष्टीहून आलेला माझ्या आईच्या हातचा डबा न्यायची. नोकरीच्या वेळी तिनं पुण्याचा विचारच केला नाही. रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडं अर्ज केला. जायच्या आधी मला विचारायला आली की किती मागू. मी म्हणाले, बावीस माग आणि माग म्हणजे एकदाच सांग, समोरचा गप्प बसला की लगेच खाली येऊ नको. मी तशीच खाली आले होते. ती गेली, बावीस म्हणाली. समोरच्यानं अठरा सांगितले. ही काही बोलली नाही. तोही बोलला नाही. तिला वाटलं आता उठावं. तेवढ्यात तो म्हणाला, वीस, आणि पेट्रोल वेगळं. ती हो म्हणाली. फोनवर मला हे सांगताना ती हसत होती आणि मी ऑफिसात सगळ्यांच्या देखत डोळे पुसत होते.

तिचं पहिलं काम अंबड रस्त्याला एका छोट्या पुलावर लागलं. दोन महिन्यांनी काकांनी वडिलांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि दोघं न सांगता तिथं जाऊन उभे राहिले. वडील तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. तिनं त्यांना लांबूनच बघितलं आणि हातानंच थांबा म्हणून खूण केली. बिना हेल्मेटचं आत यायला मनाई होती आणि बापासाठी नियम मोडायला ती तयार नव्हती. मंग तिच्याकडच्या एका माणसानं दोन पिवळी हेल्मेटं आणून दिली. वडिलांना ते मोठं होत होतं. काकांनी पागोट्यावरच घालायचा प्रयत्न केला, तर तिनं पागोटं काढायला लावलं. ते त्यांनी काखेत धरलं.

ती दोघांना कडेकडेनं फिरवत होती. पाणी कुठून येणार, कुठून जाणार, सळई किती जाडीची, सगळं सांगत होती. वडिलांनी मोबाईलवर तिघांचा फोटो काढून मला पाठवला. स्वतः काढल्यामुळं त्यात त्यांचं अर्धंच तोंड आलंय. काका मात्र पूर्ण दिसतात. ते कॅमेऱ्याकडं बघत नाहीत, पोरगी जिकडं बोट दाखवते आहे तिकडं बघत आहेत.